मानवी सेवनास योग्य

नाशिकच्या आमच्या कॉलनीत जॉगिंग ट्रॅकच्या कडेला दोन बाक आहेत. रोज सकाळी तिथं आम्ही सात-आठ निवृत्त माणसं बसतो. मागच्या हिवाळ्यात एकानं मोबाइल फिरवला. डोंगराकडच्या कुठल्याशा पाड्यावरच्या बायका रेशनचा तांदूळ पाण्यात टाकून वर तरंगलेले दाणे दाखवत होत्या आणि हा प्लास्टिकचा तांदूळ आहे, असं सांगत होत्या. सगळे हसले. सर्वांत जोरात हसले ते आमच्यातले एक निवृत्त अभियंता. अडाणी लोक आहेत, सरकार फुकट देतंय तर त्यातही खोट काढतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. याच गृहस्थांनी आदल्या आठवड्यात आम्हाला पटवून दिलं होतं, की निफाडकडच्या द्राक्षांवर पडलेला अवकाळी पाऊस खरा पाऊस नव्हताच, विमानातून काहीतरी फवारून तो मुद्दाम पाडलेला होता. तेव्हा त्यांना कोणी अडाणी म्हणालं नव्हतं. उलट दोघांनी तो मेसेज पुढे पाठवला होता.

मी उठून घरी आले. राग आला की मला नीट बोलता येत नाही, लिहिता मात्र येतं. बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत लिहिण्याचंच काम केलं. त्या लिहिण्यातला एक कागद खोटा आहे. त्याबद्दल लिहायचं म्हणून हा लेख.

मी पुरवठा निरीक्षक होते. म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. रेशनचं धान्य रेल्वेनं, ट्रकनं सरकारी गोदामात येतं, तिथून तालुक्याच्या गोदामात, तिथून गावोगावच्या रेशन दुकानात. या वाटेवर ते कुठे कमी होतं, कुठे भिजतं, कुठे बदललं जातं, ते बघणं हे माझं काम. आमचं हत्यार एकच, परखी. पोकळ, टोकदार लोखंडी नळी. ती पोत्यात खुपसली की पोतं न सोडता आतला मूठभर दाणा बाहेर येतो. तो तळहातावर घ्यायचा, बघायचा, वास घ्यायचा, दाताखाली धरायचा. चांगल्या तांदळाचा दाणा कट्‌ असा आवाज करून तुटतो. भिजलेला नुसता चेपतो. मग अहवाल लिहायचा. माझ्या अहवालातल्या एका ओळीवर पाच हजार माणसांच्या घरात काय शिजणार ते ठरायचं.

माझ्या वडिलांना या लिहिण्याचं फार अप्रूप होतं. ते शाळेत शिपाई होते. आमची बौद्ध वस्ती गावाच्या कडेला होती आणि आमच्या माणसाच्या तोंडी शब्दाला गावात कधी वजन नव्हतं. वडील म्हणायचे, शैला, कागदावर आलं की ते कोणाच्या बापाला पुसता येत नाही. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी माझ्यासाठी शाईचं पेन आणलं. साडी नाही, पेन.

नोकरीची शेवटची दहा वर्षं मी सुरगाणा-पेठच्या बाजूच्या डोंगराळ भागात काढली. तालुक्याचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. तिथं भात आणि नागली पिकते, पण वर्षभर पुरत नाही. भात कापून झाला की अर्धं गाव जीप भरभरून खाली द्राक्षाच्या बागांत मजुरीला उतरतं. उरलेल्या महिन्यांत चूल पेटते ती रेशनवर. म्हणून तिथल्या माणसाला तांदूळ कळतो. दाणा बघून जात सांगतात, किती दिवसांचा आहे तेही सांगतात. अशा लोकांना आम्ही तांदळाबद्दल ज्ञान द्यायला जायचो.

अंगठ्याचं मशीन आलं तेव्हाची गोष्ट. रेशन घ्यायचं तर मशीनवर अंगठा ठेवायचा आणि तो जुळला तरच धान्य, असा नवा नियम झाला. गावात बातमी पसरली, की अंगठा दिला की जमीन जाते. आमच्या कार्यालयात त्यावर हसणं चाललं होतं. मीही हसले. मग एका म्हाताऱ्यानं मला शांतपणे सांगितलं, की त्याच्या आज्यानं सावकाराच्या कागदावर अंगठा दिला होता आणि ओढ्यापलीकडचं वावर गेलं होतं. ते वावर त्यानं मला हातानं दाखवलं. आजही ते दुसऱ्याच्या नावावर आहे. त्याला मशीन ठाऊक नसेल, पण अंगठा ठाऊक होता. तेव्हापासून मी अफवांवर हसणं बंद केलं, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. मी त्याहून वाईट केलं.

माझ्या निवृत्तीला सहा-सात वर्षं होती तेव्हा. पावसाळ्यात तालुक्याच्या गोदामाचं छप्पर गळलं आणि थप्पीतली खालची पोती भिजली. गोदामाची दुरुस्ती मागणारी तीन पत्रं मीच आधी लिहिली होती. भिजलेला माल बाजूला काढायचा नियम आहे. तो न काढता वरच्या पोत्यांबरोबर दुकानांवर गेला. आठ दिवसांत डोंगरातल्या एका गावाहून तीन बायका चालत आमच्या कार्यालयात आल्या. त्यांच्यातल्या पुढच्या बाईनं पदराची गाठ सोडून माझ्या टेबलावर तांदूळ ओतला. पिवळा, गोळे झालेला, कुबट वासाचा. ती सखीबाई भोये. पन्नाशी ओलांडलेली, काटक, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे सरळ बघणारी. गावातल्या पोरांना जुलाब लागले होते आणि अंगणवाडीतली एक पोरगी सलाइनवर होती. सखीबाईंचं मागणं एवढंच होतं, की हा माल परत न्या आणि दुसरा द्या.

मी दुसऱ्याच दिवशी गावात गेले. दुकानातल्या पोत्यांत परखी घातली. बघायचीही गरज नव्हती, वास दारातच येत होता. मी अहवाल लिहिला: तांदूळ खाण्यास अयोग्य, वाटप तत्काळ थांबवावं, शिल्लक माल परत घ्यावा. वरिष्ठांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

वरिष्ठांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि मला बसायला सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम लिहिते, कारण वाईट माणसाच्या डोक्यावर सगळं ढकलणं फार सोपं असतं. त्यांनी मला समजावलं. माल परत पाठवला तर तो भिजला कसा याची चौकशी लागणार, गोदामपाल अडकणार, छप्पर का दुरुस्त झालं नाही ते निघणार, आणि बदली माल यायला महिना जाणार तो वेगळाच. वाळवून, चाळून दिला तर चालून जाईल. पोरांचे जुलाब पावसाळी पाण्याचे असतील. तीन दिवस मी नाही म्हणाले. चौथ्या दिवशी दुसरा अहवाल लिहिला. त्यातली ओळ मला पाठ आहे: ‘सदर तांदळाच्या नमुन्याची तपासणी केली असता तो मानवी सेवनास योग्य आढळून आला. ग्रामस्थांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.’

‘अफवा’ हा शब्द मला कोणी सांगितला नव्हता. तो मी माझ्या मनानं घातला. वाक्य पूर्ण वाटावं म्हणून. त्या अहवालाची एक प्रत तक्रारीचं उत्तर म्हणून गावाला गेली. सही माझी, वडिलांनी दिलेल्या पेनानं नसली तरी त्यांनीच शिकवलेल्या वळणाची. सलाइनवरची पोरगी बरी झाली आणि विषय संपला, असं आम्ही कार्यालयात समजलो.

मग काही वर्षांनी पोषणयुक्त तांदूळ आला. तो काय प्रकार आहे ते सांगते, कारण सरकारनं ते नीट सांगितलं नाही. तांदळाच्या पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळून त्याचे पुन्हा तांदळासारखे दाणे पाडतात आणि नेहमीच्या तांदळात शंभरात एक या हिशेबानं कालवतात. हेतू असा, की बायकापोरांच्या अंगात रक्त वाढावं. हे दाणे रंगानं थोडे वेगळे दिसतात आणि हलके असल्यामुळे धुताना काही वर तरंगतात. आता जी बाई जन्मभर स्वतःच्या शेतातला तांदूळ धूत आली, तिच्या टोपात अचानक न बुडणारे दाणे आले तर ती काय म्हणणार?

हे सांगण्यासाठी आम्हाला काय दिलं? भिंतीवर लावायला एक पोस्टर. तेही तालुक्याच्या कार्यालयात लागलं. बाकी माहिती पोत्यावर होती, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. आणि पोतं तर दुकानातच रिकामं होतं, घरी जातो तो पिशवीतला तांदूळ. ज्या माणसाच्या पोटात वस्तू जाणार त्याला एक शब्द न विचारता, त्याच्या भाषेत एक ओळ न लिहिता ती पाठवायची, आणि त्यानं शंका घेतली की त्याला अडाणी म्हणायचं. हा माज आहे, दुसरा शब्द मला सापडत नाही.

आम्ही रिकामी ठेवलेली जागा मोबाइलनं भरली. कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातला, हिंदीत बोलणारा व्हिडिओ आला. त्यात भाताचा गोळा करून तो चेंडूसारखा उडवत होते. पहिल्यांदा प्लास्टिक म्हणाले. मग त्या बातमीला पाय फुटले. तांदळात औषध आहे, पोरं होऊ नयेत म्हणून घातलंय. आपली माणसं कमी झाली की डोंगर मोकळा, मग धरण बांधायला कोणी अडवणार नाही. एक व्यापारी जीप घेऊन पाड्यापाड्यावर फिरायला लागला. फेकू नका, मला द्या, मी कोंबड्यांना घालतो, असं सांगून तो तांदूळ मातीमोल भावानं उचलायचा आणि खाली शहरात इडली-डोशाच्या पिठासाठी विकायचा. म्हणजे त्या तांदळामागे खरोखर एक कारस्थान होतंच. फक्त लोक बघत होते त्या बाजूला नव्हतं. त्याच्याविरुद्ध मी लिहिलेल्या अहवालाचं पुढे काय झालं, मला कळलं नाही.

लोक रेशन उचलत नाहीत म्हणून वरून फोन आले, तेव्हा कुठे जनजागृतीची सभा ठरली. आमच्या तालुक्यातली पहिली सभा सखीबाईंच्याच गावात. तेच वरिष्ठ, मी, आणि सोबत शिजवलेल्या भाताचा डबा. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर दोन घास खाऊन दाखवले. ओसरीवर बसलेली माणसं त्यांचं जेवण बघत राहिली. गावची आशाताई यमुना उभी राहिली. बारावी झालेली, हुशार मुलगी. तिनं दुकानातून रिकामं पोतं आणलं होतं. त्यावरच्या इंग्रजी ओळींवर बोट ठेवून तिनं विचारलं, की सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्यांनी हे खाऊ नये, असं यावर लिहिलंय. आपल्या गावात सिकलसेलची माणसं आहेत, मग हे आम्हाला कोणी का नाही सांगितलं? वरिष्ठ म्हणाले, ते तांत्रिक आहे. पुढे म्हणे ती सूचना छापणंच बंद झालं, तिची गरज नाही असं तज्ज्ञांनी ठरवलं. असेल तसं. पण त्या दिवशी ती पोत्यावर होती, आणि ‘तांत्रिक आहे’ हे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

मग सखीबाई उठल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद होता. तो त्यांनी माझ्यासमोर धरला. माझी सही मला लांबूनच ओळखू आली.

“मॅडम, हा तुमीच लिवला ना? तवाचा तांदूळ चांगला होता का, ते आधी सांगा. मंग आताचं सांगा.”

माझ्या शेजारी वरिष्ठ बसले होते. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. मी म्हणाले, मावशी, तो जुना विषय आहे, आज आपण या तांदळाबद्दल बोलू. सखीबाईंनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि त्या निघून गेल्या. त्यांच्यामागे बायका उठल्या, मग पुरुष. डब्यातला भात आम्ही परत आणला.

त्या सभेनंतर गावानं तांदूळच काय, सरकारी म्हणून जे जे येईल ते घेणं बंद केलं. यमुना दारोदार फिरायची, तिच्या हातातल्या लोहाच्या गोळ्या कोणी घेईना. तांदळात जे आहे तेच गोळीत आहे, असं आम्हीच सभेत सांगितलं होतं. आम्ही ते धीर देण्यासाठी सांगितलं, त्यांनी त्याचा सरळ अर्थ घेतला. सखीबाईंची सून मनीषा तेव्हा पोटुशी होती. तिच्या अंगात रक्त कमी होतं. सखीबाईंनी स्वतःच तिच्या गोळ्यांची पाकिटं चुलीत टाकली.

हे मला पुढे यमुनाच्या फोनवरून कळलं. मनीषाला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या. जीपनं तालुक्याला, तिथून रुग्णवाहिकेनं नाशिकला आणलं होतं. मी रजा टाकून दवाखान्यात गेले. मनीषाला रक्ताच्या पिशव्या चढत होत्या. मुलगी झाली होती. ती एक दिवस जगली.

सखीबाई वॉर्डबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मला वाटलं होतं, त्या मला बोलतील. उलट सरकून त्यांनी मला जागा करून दिली. मग त्यांनी विचारलं,

“गोळ्या खाल्ल्या असत्या तं जगली असती का हो?”

मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनीही तसं काही ठामपणे सांगितलं नव्हतं. पण त्या बाईनं जन्मभर पुरेल असा प्रश्न स्वतःच्या अंगावर घेतला होता आणि त्या प्रश्नाचा अर्धा मालक मी होते. सखीबाईंनी गोळ्या चुलीत टाकल्या, कारण माझ्या सहीचा कागद त्यांच्या घरात होता. सरकार लिहून खोटं बोलतं, हे त्यांनी कोणा व्हिडिओत बघितलेलं नव्हतं. ते त्यांच्याकडे माझ्या अक्षरात होतं.

मी त्यांना तिथंच सांगितलं. तो तांदूळ सडका होता, मी आधी खरं लिहिलं होतं, मग दबावाखाली खोटं लिहिलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना नवल वाटलं नाही.

“मला कशाला सांगता? मला ठावं हाय. गावाला सांगा.”

मनीषा घरी गेल्यावर एका रविवारी मी परवानगी न घेता, एकटी, एसटीनं गावात गेले. यमुनानं माणसं जमवली होती. शाळेच्या पडवीत तीस-चाळीस जण असतील. मी उभी राहून सांगितलं, की त्या वर्षीचा तांदूळ खराब होता, तुमची तक्रार खरी होती, मी तिला अफवा म्हटलं ते खोटं होतं. एवढंच. तीन वाक्यं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी याहून अवघड काही बोललेले नाही.

कोणी शिव्या दिल्या नाहीत. कोणी शाबासकीही दिली नाही. मागून एकानं विचारलं, मग तवा आमची पोरं आजारी पडली ती त्यानंच का? मी म्हणाले, हो, माझ्या समजुतीप्रमाणे त्यानंच. तो खाली बसला. सखीबाई म्हणाल्या, “तोंडी नको. लिवून द्या.” गुरुजींनी वहीचं पान फाडून दिलं. मी लिहिलं, सही केली, तारीख घातली. गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं.

“आता सांगा तांदळाचं,” सखीबाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला दोन तास प्रश्न विचारले. असे प्रश्न आमच्या कुठल्या बैठकीत कोणी विचारले नव्हते. दाणा कुठे बनतो? कोण बनवतं? आधी कोणाला खायला घालून बघितला? शहरातले लोक खातात का? धुताना वर आला तर फेकायचा की ठेवायचा? सिकलसेलवाल्यांनी काय करायचं? जे माहीत होतं ते सांगितलं. जे माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणाले, आणि मला तेव्हा लक्षात आलं, की ‘माहीत नाही’ हे शब्द मी या नोकरीत कधी वापरलेच नव्हते. आम्हाला वाटायचं, माहीत नाही म्हटलं तर लोकांचा विश्वास उडेल. उलट झालं. दाण्यात पोरं बंद करायचं औषध नाही, हे मी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा काही माना हलल्या.

सगळं गाव बदललं असं मी लिहिणार नाही. पुढच्या महिन्यात निम्म्या घरांनी तांदूळ उचलला. यमुनानं पाठपुरावा करून गावात सिकलसेलची तपासणी करून घेतली. ते काम तिचं, माझं नाही. मनीषा पुन्हा बागांत मजुरीला जायला लागली. व्यापाऱ्याची जीप अजून येते, पण तिला आता पूर्वीइतकी पोती मिळत नाहीत.

माझ्या त्या वहीच्या पानाचा फोटो मात्र फिरत फिरत कार्यालयात पोचला. मला नोटीस आली. शासनाची बदनामी होईल अशी असत्य माहिती लिहून दिल्याबद्दल खुलासा करावा. मी खुलाशात लिहिलं, की माझा पहिला अहवाल फाईलमध्ये असेल, तो काढून बघावा. उत्तर आलं, की फाईलमध्ये आपला एकच अहवाल आहे आणि त्यात तांदूळ मानवी सेवनास योग्य असल्याचं आपणच नमूद केलेलं आहे. म्हणजे माझं खोटं सरकारदरबारी शाबूत आहे आणि खरं मात्र मी नंतर रचलेलं आहे. वडील असते तर त्यांना हे मी कोणत्या तोंडानं सांगितलं असतं?

पुढे मला समज देऊन प्रकरण मिटवलं आणि मी निवृत्त झाले. पण तो कागद मला स्वस्थ बसू देईना. माहिती अधिकारात अर्ज केला. फाईल बघायला बोलावलं. नव्यानं आलेला तरुण अधिकारी सभ्य होता, त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी पान न्‌ पान बघितलं. पेन्सिलीनं घातलेले पानांचे नंबर क्रमानं होते, कुठेही तुटलेले नव्हते. माझा पहिला अहवाल नव्हता. तो अधिकारी म्हणाला, मॅडम, कार्यालयाची जागा मध्यंतरी बदलली, बरेच कागद गहाळ झाले, वाळवीनंही खाल्ले. तसं असू शकतं. वरिष्ठांनी तो अहवाल फाईलला लावलाच नसेल, माझ्यासमोरच बाजूला ठेवला तो तसाच केराच्या टोपलीत गेला असेल, असंही असू शकतं. मी त्याला आवक क्रमांक घेतला नव्हता. आतल्या आत टेबलावर ठेवायच्या कागदाला कोण क्रमांक घेतं?

बाहेर येऊन मी बसस्टँडवर उभी होते, तेव्हा यमुनाच्या फोनवरून सखीबाई बोलल्या. मी आज फाईल बघायला जाणार हे त्यांना ठाऊक होतं.

“घावला का कागद?”

“नाही, मावशी.”

“कुनी काढला?”

“माहीत नाही. वाळवीनं खाल्ला असेल म्हणतात.”

त्या म्हणाल्या, “ते काय बी म्हनतील. तुमाला काय वाटतं?”

“मुद्दाम काढला,” मी म्हणाले. “सगळ्यांनी मिळून काढला असणार.”

पुरावा माझ्याकडे काहीही नव्हता.